मदत हवी आहे: गाण्यांची नोटीस आली, मुलांचे आधार मागून राहिले, उद्यापर्यंत मुदत

प्रतापनगरकर (रात्री ९.१२)
मंडळी, लवकर सांगा. सकाळी मेल आला. आमच्या इंटरनेट कनेक्शनवरून गाणी बेकायदा शेअर झाली, प्रताधिकार कायदा कलम ६३, तीन वर्षं कैद. वापरणाऱ्या मुलांची नावं अन् आधार उद्या पाचपर्यंत पाठवा, नाहीतर कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्यावर गुन्हा. पाठवू की नको? हो किंवा नाही एवढंच सांगा, फाफटपसारा नको.

तर्रीपोहा
कोणाची मुलं? तुमची? अन् मेल कोणाचा आहे, पोलीस, केबलवाला, वकील?

प्रतापनगरकर
माझी नाहीत हो. वरच्या मजल्यावर कॉलेजची पोरं राहतात, पाच जण. वायफाय आमचंच, भाड्यात धरलेलं. मेल कंपनीचा आहे.

तर्रीपोहा
कोणत्या कंपनीचा? गाण्यांच्या की इंटरनेटच्या?

हरवलेली_कॅसेट
काय दिवस आले बाप्पा! आम्ही बर्डीवरच्या दुकानात वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायचो. साठची की नव्वदची, एवढंच तो विचारायचा. दोन दिवसांनी भरलेली कॅसेट मिळायची अन् बाजू संपली की शेवटचं गाणं अंतऱ्यातच तुटायचं. आजही ते गाणं रेडिओवर लागलं की तिथं आलं की माझा कान थांबतो. तेव्हा कोणाला नोटीस आली नाही.

गिट्टीखदान_गीक
काका, ते पण बेकायदाच होतं. फक्त दुकानदाराच्या वहीवर आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा नंबर, नव्हता.

प्रतापनगरकर, साधा उपाय, पेड व्हीपीएन घ्या, म्हणजे तुमचा खरा इंटरनेट पत्ता लपवणारी सेवा. महिन्याला दोन पिझ्झ्यांचा खर्च. कोणी काही शोधू शकत नाही.

जालकरी
घर जळल्यावर विहीर खोदायला सांगून राहिले तुम्ही. अन् "कोणी शोधू शकत नाही" हे कोणी सांगितलं? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश वाचा. व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी पाच वर्षं ठेवायचा. बाकी सेवांनी लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस.

गिट्टीखदान_गीक
म्हणूनच तर काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलून बाहेर नेले. त्यांच्यावर हे चालत नाही, असं त्या म्हणतात.

जालकरी
त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. इथे प्रश्न वेगळा आहे.

सदरचा_वकील
कोर्टातून आत्ताच आलो, उशीर झाला. कलम खरं आहे. ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, दंड पन्नास हजार ते दोन लाख. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र धरला. त्यामुळे "गाण्यांसाठी कोण पकडतं" असं म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

पण कलम खरं म्हणून पत्र खरं होत नाही. खासगी कंपनीला ई-मेलवरून कोणाचंही आधार मागायचा अधिकार नाही. माणूस शोधायचाच असेल तर ती कोर्टात जाते. प्रतिवादीचं नाव माहीत नसलं तर आपल्याकडे "अशोक कुमार" नावानं दावा लागतो. पोलिसांना कागद हवे असले तर फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ९४ खाली लेखी मागतात. हजर राहा म्हणणारी कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगून झालंय.

मेलचा मजकूर इथे टाका. तुमचं नाव-पत्ता झाकून.

महालवाली_मावशी
वकीलसाहेब, विषय निघालाच आहे तर, भाचीच्या लग्नात डीजे आहे. गाण्यांचं लायसन लागतं म्हणून लॉनवाला घाबरवून राहिला.

सदरचा_वकील
ताई, प्रताधिकार कायद्याचंच कलम ५२(१)(झेडए). लग्नाच्या वरातीला अन् लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. त्याला कलम दाखवा. आता मूळ विषय.

प्रतापनगरकर
पूर्ण टाकत नाही, लांब आहे. मुख्य ओळ अशी: "आपल्या आयपी पत्ता १९२.१६८.१.५ वरून २७ ध्वनिमुद्रणे टॉरेंटद्वारे वितरित झाल्याचे आढळले." खाली शिक्का आहे, तराजूचं चित्र आहे.

जालकरी
थांबा थांबा. १९२.१६८?

हा पत्ता माझ्या घरात पण आहे. तर्रीपोह्याच्या घरात असेल. तुमचा राउटर घरातल्या घरात फोनला, टीव्हीला जे नंबर वाटतो ना, त्यातला हा एक आहे. गल्लीच्या बाहेर तो कोणालाच दिसत नाही. म्हणजे तुमच्या वऱ्हांड्यातल्या चपलांना "तिसरी जोडी" म्हणावं अन् दिल्लीतून कोणी लिहावं की तिसऱ्या जोडीनं चोरी केली.

टॉरेंट म्हणजे वापरणारे एकमेकांकडूनच फायलीचे तुकडे घेतात. त्यात खरंच पकडतात, नाही असं नाही. उतरवताना तुम्ही तुकडे दुसऱ्यांना देत पण असता, अन् त्या टोळक्यात कंपनीची माणसं बसून सगळ्यांचे बाहेरचे आयपी लिहून घेतात. पण मग पत्ता बाहेरचा असतो, सोबत तारीख, सेकंदापर्यंत वेळ अन् पोर्ट नंबर, म्हणजे त्या पत्त्यावरचं नेमकं कनेक्शन ओळखायचा आकडा. पोर्ट नसेल तर बरेचदा केबलवाल्यालाही सांगता येत नाही, कारण एकाच बाहेरच्या पत्त्यावर तो शेकडो घरं चालवतो.

संत्रागल्ली
अमेरिकेत हेच झालं. २००३ च्या सप्टेंबरात संगीत कंपन्यांच्या संघटनेनं एका दिवसात २६१ जणांवर दावे लावले, त्यात बारा वर्षांची पोरगी पण होती. मिनेसोटातल्या एका बाईवर २४ गाण्यांसाठी शेवटी २ लाख २२ हजार डॉलर लागले.

गिट्टीखदान_गीक
ते अमेरिका. इथे नागपूर.

संत्रागल्ली
पूर्ण वाचा. तिथेही आधी नावं हवी होती. संघटना न्यायाधीशाकडे न जाता नुसत्या क्लार्कच्या सहीच्या समन्सवर नेट कंपनीकडून ग्राहकांची नावं मागायची. एका कंपनीनं नाही म्हटलं, अन् २००३ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं कंपनीला बरोबर ठरवलं. मग अनोळखी प्रतिवादीवर दावा लावा, न्यायाधीशाकडून परवानगी घ्या, तेव्हा नाव. अन् तिथून निघालेली "इतके भरा, प्रकरण मिटवू" ही पत्रं खरी होती. तीच चाल आता चोर उचलून राहिले.

तर्रीपोहा
भाऊ, मेलमध्ये पैसे मागितले का?

प्रतापनगरकर
हो, "तडजोड शुल्क" १४,९९९, खाली क्यूआर कोड. ते मी देणारच नव्हतो म्हणून लिहिलं नाही.

तर्रीपोहा
राजेहो! हे पहिल्या ओळीत यायला पाह्यजे होतं.

सदरचा_वकील
मग उत्तर झालं. पाठवू नका. अन् अजून एक, ती पाच आधार तुमच्याकडे आली कशी? भाडेकरू पडताळणीसाठी ना? पोरांनी ती पोलीस ठाण्याच्या फॉर्मसाठी दिली, गाण्यांच्या हिशेबासाठी नाही. खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं, अन् ते प्रकरण निघालंच होतं आधारवरून.

प्रतापनगरकर
एकाचं दुपारी पाठवलं.

जालकरी
काहून??

प्रतापनगरकर
पाचही पोरांना खाली बोलावून विचारलं. एकानं कबूल केलं की तो टॉरेंटवरून जुनी गाणी उतरवतो. मला वाटलं, मेल खराच आहे. त्याच्यामुळे बाकी चौघं कशाला अडकावीत? आधाराची दोन्ही बाजूंची झेरॉक्स स्कॅन करून पाठवली. त्याला अजून सांगितलं नाही.

जालकरी
कॉलेजच्या पोरांचं कुठलंही घर घ्या, विचारलं की एकजण तरी कबूल करतोच. हा मेल त्याच्यावरच चालतो.

सदरचा_वकील
पोराची चूक वेगळी, ती खरी असेल तर इथे जाहीर लिहू नका. तुमची वेगळी. आत्ता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, तक्रार नोंदवा. त्या पोराचं आधार बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे कोणाला वापरता येणार नाहीत.

हरवलेली_कॅसेट
जुनी म्हणजे किती जुनी गाणी? ध्वनिमुद्रणावर हक्क साठच वर्षं असतो. १९६० च्या आसपासची असली तर पोरगं सुटलं.

सदरचा_वकील
मुद्रणावरचा सुटतो. कवी अन् संगीतकार गेल्यावर साठ वर्षं शब्द-चालीवर वेगळा हक्क असतो. इतक्या सहज कोणाला सोडू नका, काका.

प्रतापनगरकर (दुसऱ्या दिवशी दुपारी)
केबलवाल्याकडे जाऊन आलो. म्हणाला आमच्याकडून असा मेल जात नाही, कोणी तुमचा पत्ता विचारलाही नाही. आमच्याच ओळीत अजून दोन घरी तोच मेल आलाय, शब्द न् शब्द, आयपी पण तोच १.५. एकाकडे तर घरात कॉम्प्युटरच नाही.

आधार लॉक करायला ओटीपी पोराच्या मोबाईलवर जातो हे मला माहीत नव्हतं. म्हणजे वर जाऊन सांगावंच लागलं. जिन्यात दोनदा थांबलो. पोरगं काही बोललं नाही. सहा आकडे हळूहळू वाचून दाखवले, मी चष्म्याशिवाय एक चुकलो, त्यानं परत वाचले. मग म्हणाला, काका, पासवर्ड बदलू नका, शनिवारी पेपर आहे, पीडीएफ वायफायवरच उतरवतो.

तर्रीपोहा
बदलला का?

प्रतापनगरकर
नाही.

सदरचा_वकील
१९३० वर तक्रार क्रमांक मिळाला का? तो जपून ठेवा.

प्रतापनगरकर
मिळाला, लिहून घेतला होता. कुठे ठेवला पाहतो.