मदत हवी आहे: बोलताना अडखळतो, प्रयोगाचे क्यू कसे द्यावेत?

उजवी_विंग
हौशी संस्थेचं दोन अंकी नाटक, प्रयोग पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात. रंगमंच व्यवस्था माझ्याकडे आहे. क्यू, म्हणजे दिवे किंवा संगीत बदलायचे इशारे: प्रकाशाचे ४६, पार्श्वसंगीताचे १९. मी बोलताना अडखळतो. 'ग', 'क'वर शब्द अडकतो, आणि ज्या शब्दावर ऑपरेटर बदल करतो तो 'गो' तर 'ग'नेच सुरू होतो. क्यू दुसऱ्या कुणाला द्यायला सांगू, की काही उपाय आहे? दिवे आणि संगीत चालवणाऱ्या दोन्ही ऑपरेटरशी हेडसेटवर बोलता येतं.

तिसरी_घंटा
क्यू सोडू नका. संहिता, नट आणि दिवे यांवर एकाच वेळी नजर ठेवणं हे खरं काम. 'गो' हा नुसता निरोप आहे, तो दिव्यानेही पोचतो. क्यू लाइट बनवून घ्या.

सामान तापकीर गल्लीत मिळेल: १२ व्होल्ट १ अँपिअरचा डीसी अडॅप्टर, प्रत्येक ऑपरेटरसाठी एक लाल आणि एक हिरवा पॅनेल इंडिकेटर, दर दिव्यामागे एक स्विच आणि तीन कोअरची वायर. एक तार कॉमन, एक लालची, एक हिरव्याची. इंडिकेटरवर '१२ व्होल्ट डीसी' छापलंय ना, ते दुकानातच बघा. २३० व्होल्टचे दिसायला अगदी तसेच असतात आणि १२ वर पेटत नाहीत.

अडॅप्टर डिमरच्या, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, सॉकेटला लावू नका. त्याची सरकपट्टी (फेडर) खाली आली की क्यू लाइटही विझेल, नेमका ब्लॅकआउटला. थेट सप्लाय मागून घ्या.

वापर असा: क्यूच्या अर्धं पान आधी लाल लावा. ऑपरेटर हेडसेटवर 'तयार' म्हणेल. वाक्य आलं की हिरवा. लागोपाठ क्यू असतील तर लाल चालूच ठेवायचा आणि प्रत्येक क्यूला हिरवा एकदा दाबायचा. दिव्यावर काळ्या कागदाची नळी बसवा, नाहीतर अंधारात उजेड प्रेक्षकांत जातो. प्रेक्षक आत सोडण्याआधी प्रत्येक दिवा लावून ऑपरेटरकडून होकार घ्या. वायर सुटलेली असली तर तुमच्या टेबलावरून ते कळत नाही.

सावकाश_बोला
दिव्यांसोबत हेडसेटवर एक नियम हवाच: 'गो' हा शब्द तुमच्याशिवाय कुणीही उच्चारायचा नाही. तुम्ही अडखळलात की कुणीतरी मदत म्हणून 'गो का?' असं विचारतो, ऑपरेटरला एवढंच ऐकू येतं, आणि दिवे दोन वाक्यं आधी बदलतात. रंगीत तालमीआधी दोन्ही ऑपरेटरना स्पष्ट सांगा की वाक्य पुरं करू नका, थांबा.

'गो'च का अडकतो? तो बदलता येत नाही आणि ठरलेल्या क्षणीच म्हणावा लागतो. वाट बघताना श्वास रोखला जातो, जिभेचा मागचा भाग टाळूला घट्ट चिकटतो आणि हवा अडते. म्हणून आधी थोडा श्वास सोडायला लागा आणि त्या ओघातच 'ग' हलका लावा. 'लाइट बारा गो' एका लयीत म्हटलं तर सुट्या 'गो'पेक्षा बऱ्याच जणांना सोपं जातं. हे वाचा-उपचारतज्ज्ञाकडून नीट शिकून घ्या. 'गो'ऐवजी 'हो' मात्र ठरवू नका, ऑपरेटर उत्तरादाखल तेच म्हणतात.

उजवी_विंग
वायरिंग कळलं, आभार. पण प्रयोग मध्येच थांबवायची वेळ आली तर? आणि मेकअप रूममध्ये वेळा सांगायच्या असतात, त्याचं काय?

तिसरी_घंटा
लाल आणि हिरवा दोन्ही एकदम उघडझाप करू लागले की 'जिथे आहात तिथे थांबा', असं ठरवा. 'कृपया जागेवर बसून राहा' ही घोषणा आधीच रेकॉर्ड करून साउंड ऑपरेटरकडे वेगळ्या बटणावर ठेवा. पडद्यापाशी एक सहायक ठेवा. तुम्ही हात वर केलात की त्याने तुमच्या शब्दाची वाट न बघता पडदा पाडायचा. हे सगळं रंगीत तालमीत एकदा खरंच करून बघा, तोंडी ठरवलेलं ऐन वेळी आठवत नाही.

मेकअप रूमच्या दाराशी पांढरा फळा लावा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या घंटेची वेळ त्यावर घड्याळाप्रमाणे लिहा, 'अर्ध्या तासाने' असं नको. नटाने वाचलं की नावापुढे खूण करायची. खूण नसेल त्याच्याकडेच जायचं.