पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी विमानावर ३७ मिमीची तोफ कशी बसवली?

प्रश्न: स्पाड १२ या फ्रेंच लढाऊ विमानाची तोफ म्हणे प्रोपेलरच्या मधून गोळा सोडायची, मग पाती कशी शाबूत राहायची?

उत्तर १: पात्यांमधून नाही हो, प्रोपेलरच्या पोकळ शाफ्टमधून (म्हणजे ज्या दांड्यावर प्रोपेलर फिरतो त्यातून)! हिस्पानो-सुइझा कंपनीच्या गिअरवाल्या इंजिनात शाफ्ट वर सरकलेला, म्हणून तोफ सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये बरोब्बर बसायची. कल्पना गिनमेर या नामांकित फ्रेंच लढाऊ वैमानिकाची, १९१७ मध्ये त्याने ती स्वतः लढाईत वापरली पण.

उत्तर २: त्याआधी व्हॉइसाँ या फ्रेंच विमानावर तोफ होतीच, इंजिन मागे असल्याने नाक मोकळं.

उत्तर १: हो, पण स्पाडमध्ये पायलट एकटाच, तोफेचं मागचं टोक त्याच्या गुडघ्यांमध्ये, प्रत्येक गोळा हाताने भरायचा, वर कॉकपिटभर धूर आणि जबर धक्का, त्यामुळे ती कसलेल्यांनाच झेपायची, फाँक या फ्रेंच वैमानिकासारख्या.