थीम सगळ्यांनी मिळून आखायची, की आपापलं टाचण बरं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)
गेल्या वर्षी वेगवेगळ्या शाळांतल्या आम्ही सहा प्राथमिक शिक्षकांनी मिळून एक ऑनलाइन फाईल उघडली. थीम 'पाणी', तिसरी-चौथीसाठी, म्हणजे भाषा, गणित, विज्ञान सगळं त्या एका विषयाभोवती गुंफायचं. ज्याला जे सुचेल ते त्याने टाकायचं, शनिवारी रात्री तासभर कॉलवर त्याचा कीस पाडायचा. प्राथमिकच्या शिक्षकाने भाषेपासून चित्रकलेपर्यंत सगळं एकट्याने शिकवायचं आणि सगळ्यात त्याचा हातखंडा असायचा, ही अपेक्षाच अवाजवी आहे. माझं विज्ञान कच्चं, दुसरीचं पक्कं. मग एकट्याने टाचण (पाठाची लेखी तयारी) काढत का बसायचं? तुम्हाला काय वाटतं?

फळापुसणारा
विरोधी मत नोंदवतो. अशा तीन फायलींत मी होतो. भर सगळे घालतात, वगळत कोणी नाही. 'झाड' थीमच्या फाईलीत शेवटी सत्तेचाळीस उपक्रम जमले. पानांचे ठसे, पानांचा कोलाज, झाडाची मुलाखत, झाडाला पत्र. गणित म्हणजे 'पानं मोजा'. पाचवीतल्या मुलांनी पानं मोजायची! एवढाल्या खोडातलं लाकूड येतं कुठून, यावर एक ओळ नव्हती. समोर बसलेल्याला 'हे नको' म्हणता येतं. ऑनलाइन दुसऱ्याची ओळ खोडायला हात धजावत नाही, अंगठा दाखवून सगळे मोकळे.

ही जुनीच रड आहे. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणावरच्या १९६७च्या प्लाउडन अहवालानंतर थीमवार शिकवण्याचा बोलबाला झाला. १९९२ मध्ये अलेक्झांडर, रोझ आणि वुडहेड या तिघांनी सरकारला दिलेल्या अहवालात स्पष्ट लिहिलं की यातलं बरंचसं शिकवणं तुटक आणि वरवरचं झालंय.

गणितवेडी
+१. थीम कोणतीही असो, गणिताची फरफट ठरलेली. अपूर्णांकांना त्यांचा स्वतःचा क्रम असतो, तो 'पाणी' किंवा 'प्रवास'साठी थांबत नाही.

एकांडा
फळापुसणारा, अहवाल अर्धाच सांगितलात. त्या तिघांनी थीम बंद करा असं म्हटलेलं नाही. ती नेमकी आणि काटेकोर आखा, जोडीला स्वतंत्र विषयांचे तासही वाढवा, असं म्हटलंय. आणि काटेकोर आखायला चार डोकी नकोत? मी दोन वर्षं एकशिक्षकी शाळेत काढली. 'हा प्रश्न मुलांना झेपेल का' हे विचारायला भिंतीशिवाय कोणी नव्हतं.

पाटीपेन्सिल
फळापुसणारा, सत्तेचाळीस उपक्रमांचं दुखणं आम्हालाही झालं होतं. पहिले पंधरा दिवस आमच्या फाईलीत जलचक्राचे तक्ते आणि कागदी होड्या, बस्स. मग एकीने वर्गातला प्रसंग लिहिला. जलचक्राचं चित्र बाणांसकट बिनचूक काढणाऱ्या मुलाला तिने विचारलं, पुसलेली फरशी वाळली, त्यातलं पाणी कुठे गेलं? तो म्हणाला, "फरशीने पिऊन टाकलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाकीच्या पाचही जणांनी आपापल्या वर्गात हाच प्रश्न टाकला. 'मुरलं', 'आत गेलं' सगळीकडे निघालं. तिथून फाईलीचा नूर पालटला. एकाने सुचवलं, पाणी काचेच्या बशीत ठेवा, म्हणजे मुरायला वावच नाही. दुसऱ्याने सांगितलं, दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्या, एकावर झाकण, बाहेरून कागदाची पट्टी, रोज एक रेघ. माझं झाकण सैल बसलं आणि दोन्ही ग्लासांतलं पाणी उतरलं. लाज गिळून तेही लिहिलं. त्या ओळीखाली लगेच प्रतिसाद आला : प्लास्टिकचा कागद ताणून रबर लावा, मग आतून थेंब धरतात तेही दिसतं. थेंब दिसल्यावर मुलांनीच विचारलं, हे वर कसे चढले? आणि हो गणितवेडी, रोजची रेघ मिलिमीटरमध्ये मोजून आलेख काढला. त्यासाठी ओढाताण करावी लागली नाही.

उपक्रम कुठेही मिळतात. मूल काय बोललं आणि आपलं काय फसलं, हे मात्र दुसऱ्या वर्गातल्या शिक्षकाकडूनच कळतं.

फळापुसणारा
प्रसंग छान आहे, मान्य. पण बाष्पीभवनाबद्दल मुलांना काय वाटतं यावर लिव्हरपूल विद्यापीठ आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या 'स्पेस' प्रकल्पाने १९९० मध्येच अहवाल काढलाय. तो वाचायचा सोडून सहा जणांनी शनिवार खर्ची घालायचे?

दुसरं, जपानमध्ये शिक्षक एकत्र पाठ बसवतात. एक जण शिकवतो, बाकीचे त्याच वर्गात उभे राहून मुलांच्या वह्यांत डोकावतात, मग पाठ पुन्हा बेततात. याला मी सहकार्य म्हणतो. तुमच्याकडे फाईलीत येतं ते शिक्षकाला आठवतं तेवढंच. आणि आपण आपल्या सोयीचंच आठवतो.

पाटीपेन्सिल
अहवाल वाचला असता तर बरंच झालं असतं, वाद नाही. पण 'फरशीने प्यायलं' म्हणणारा माझ्या वर्गातला कोण, ते त्यात लिहिलेलं नसतं. आणि सैल झाकण काय मी सोयीचं म्हणून आठवलं?

एकांडा
एकशिक्षकी शाळेत मागे उभं राहायला माणूस आणायचा कुठून, तेवढं सांगा. वर्गात बसून पाहणं केव्हाही सरस, पण ते मिळत नाही म्हणून फाईलही नको?

रविवारगेला
सगळे शनिवारवरून घाईघाईने पुढे गेलात. वह्या तपासून, माहिती भरून उरलेल्या वेळात हे करायचं, तेही बिनपगारी. आज हौस म्हणून केलं की उद्या मुख्याध्यापक विचारतात, 'त्या सहा जणांना जमतं, तुम्हाला का नाही?' आमच्याकडे असंच झालं. फाईल सक्तीची झाली, मग जो तो मागच्या वर्षीचं चिकटवू लागला. सहकार्य चांगलंच हो. ते शाळेच्या वेळात बसवा, मग मी पहिली येते.

गणितवेडी
आलेखाचं वाचलं, तेवढ्यापुरती माघार. अपूर्णांकांवर ठाम.

फळापुसणारा
धागाकर्ती, फाईल पाठवा, बघतो. एकच अट, मला खोडायची परवानगी हवी.

पाटीपेन्सिल
दिली. कागदी होडीपासून सुरुवात करा, ती माझीच आहे.

रविवारगेला
आणि कॉल शनिवारीच ना?