गाणं चालतं म्हणजे नक्की काय चालतं?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. मी आणि माझा एक मित्र, आम्ही गेल्या दिवाळीत एक मराठी गाणं केलं. शब्द माझे, चाल त्याची, ओळखीतल्या एका मुलीने गायलं. बासरी खरी वाजवून घेतली, कीबोर्डवरची नाही. स्टुडिओ, मिक्सिंग, व्हिडिओ सगळं धरून बावन्न हजार गेले, त्यातले तीस माझे. आजचा आकडा अकराशे चाळीस व्ह्यूज, त्यात शंभरेक तर मीच असेन.
ज्याला ऐकवलं तो म्हणतो मस्त झालंय रे, आणि मोबाईल परत देतो. परत लाव असं अजून एकाही माणसाने म्हटलेलं नाही. आणि तिकडे गुलाबी साडी बघा, पिक्चर नाही, हिरो नाही, २०२४ च्या फेब्रुवारीत आलं आणि त्या लग्नसराईत माझ्या चार वर्षांच्या भाचीपासून सोसायटीच्या वॉचमनकाकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडात तेच. मला जळायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय, कि पब्लिकला एखादं गाणं आवडतं म्हणजे नेमकं काय होतं? लिंक खाली दिलीये, शिव्या घातल्या तरी चालतील.

बेंजोवाला_पनवेल
दादा वाईट वाटून घेऊ नको, गाणं वाईट नाहीये, दोनदा ऐकलं. मी बारा वर्षं बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतोय, हळद, साखरपुडा, गणपतीचं आगमन, पालखी, जे येईल ते. आमच्याकडे व्ह्यूज बघत नाही कोणी. आमच्यात बऱ्याचदा गायकच नसतो, त्यामुळे शब्द गेले, गाणारीचा गोड आवाज गेला, व्हिडिओतली हिरवळ पण गेली, राहिली नुसती चाल आणि खाली ठेका. रात्रीचे अकरा वाजलेत, अंगणात दीडशे माणसं, अर्धे जेवणाच्या रांगेत, नवरामुलगा हळदीने पिवळा होऊन घामाघूम, आणि बेंजोवाल्याने पहिला तुकडा टाकला कि तीन-चार सेकंदात पोरं ओरडली पाहिजेत. नाय ओरडली तर आम्ही एकमेकांकडे बघतो आणि कडव्याला न जाता सरळ दुसरं गाणं धरतो. गाणं पास का नापास, तिथेच निकाल.
सैराट आला २९ एप्रिल २०१६ ला, ऐन लग्नाच्या सीझनमध्ये. मी झिंगाटची चाल मोबाईलवरून एका दुपारी काढली, अवघड काहीच नव्हतं, आणि त्याच रात्री कर्जतजवळ एका हळदीला सात वेळा वाजवलं. सात! शेवटी नवरीचे आजोबा खुर्ची सोडून आले. तेव्हा आमच्यातल्या कोणी पिक्चर बघितला पण नव्हता.
आता तुझं गाणं. बासरी एक मिनिट पाच सेकंद चालते, मी मोजली. सुंदर आहे, पण मुखडा यायच्या आत माणूस पाणी पिऊन येतो. दुसरं म्हणजे तुझ्या मित्राने मुखड्यातच वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, ओलांडलाय. ती मुलगी शिकलेली आहे, ती जाईल वर, माझी आई भांडी घासताना कशी जाणार? मुखडा पाच-सहा सुरांत फिरला पाहिजे, म्हणजे बेसूर माणसाला पण वाटतं कि आपल्याला येतं. सगळी कलाकारी कडव्यात कर ना, कडवं तसंही कोण पाठ करतं.

आकडेमोड
बेंजोवाले भाऊंचं पटतं, पण इथे एक घोळ आहे. आपण चाललेलं गाणं समोर ठेवून त्यात गुण शोधतोय. सोपी चाल, लवकर येणारा मुखडा, नाचता येणारा ठेका, हे सगळं असलेली आणि तरीही आपटलेली गाणी शेकड्यांनी असतील, ती कोणाला आठवत नाहीत इतकंच.
अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी यावर एक प्रयोग केला होता, २००६ मध्ये छापून आला. अनोळखी बँडची ४८ गाणी, आणि इंटरनेटवरून आलेली १४ हजारांवर माणसं. काहींना नुसती गाणी ऐकवली. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि त्यांना आपापल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाऊनलोड केलंय ते दाखवलं. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. तरी एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात तेच चाळिसावं! म्हणजे सुरुवातीच्या चार लोकांनी काय उचललं त्यावर पुढची रांग लागत गेली. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं.
रात्रपाळी, तुमचं गाणं त्या मधल्या गर्दीत आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. टोमणा नाहीये हा, बहुतेक गाणी तिथेच असतात.

सांगलीची_सून
प्रयोग वगैरे ठीक आहे, पण ते पहिले चार लोक कोण असतात ते बघा कि. आमच्याकडे ते वडापवाले होते. कॅसेटचा काळ, मी कॉलेजला विट्याहून सांगलीला जायचे, जीपमध्ये मागे दहा आणि पुढे पाच माणसं कोंबलेली आणि ड्रायव्हरने जी कॅसेट लावली ती ऐकायची, उतरायची सोय नाही. आनंद शिंदेंचा पोपट मी स्वतःहून कधी ऐकला नाही तरी मला आजही अख्खा येतो, झोपेत विचारा. एस.टी. स्टँडच्या बाहेर कॅसेटची टपरी असायची, तो बाबा स्पीकर रस्त्याकडे तोंड करून ठेवायचा, आणि सहा वेळा कानावर पडलं कि सातव्या वेळी आपणच गुणगुणतो, मग आवड म्हणा नाहीतर सवय म्हणा.
आणि हे फक्त उडत्या गाण्यांचंच असतं असं नाही हं. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी, आणि तिथून वर्षभर दर आठवड्याला एक नवीन गाणं, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नची छप्पन झाली. गदिमांचे शब्द आणि बाबूजींच्या चाली, त्याबद्दल मी काय बोलणार. पण शुक्रवारी लागलेलं गाणं शनिवारी आणि रविवारी सकाळी परत लागायचं, हे कोणी सांगत नाही. माझ्या सासूबाई सांगतात, शुक्रवारी ऐकायचं, शनिवारी शब्द उतरवून घ्यायचे आणि रविवारी सोबत म्हणायचं. त्यांची वही आहे अजून, निळ्या शाईची, मध्ये मध्ये जागा सोडलेली, जिथे रेडिओ खरखरला तिथे.

फुकट_सल्ला
सगळे एवढे भावुक का झालेत :) मी डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे, सरळ सांगतो. आता वडापवाला म्हणजे रील करणारी पेजेस, आणि त्यातले बरेच पैसे घेतात. पण पैशाने पहिलं ऐकणं विकत मिळतं, दुसरं नाही. एका गाण्याला आमच्या क्लायंटने भरपूर पैसे ओतले, नाव घेत नाही, तीस पेजेसवर एकाच दिवशी टाकलं. त्या आठवड्यात आकडा मस्त, आणि पैसे थांबले तसं गाणं थांबलं, जसं काय कोणी प्लग काढला.
पब्लिकने त्यावर स्वतःचं काहीतरी केलं तरच ते पुढे जातं. साडीवरचं गाणं आलं कि लाखो बायकांच्या कपाटात साडी आहेच, ती काढायची, नेसायची, पंधरा सेकंद, झालं. तुमच्या गाण्यात काय आहे, चांदणं आणि धुकं. चांदण्यात मी काय करू?

रात्रपाळी
@फुकट_सल्ला लागलं हो ते. पण मग शब्दांना काही किंमतच नाही का? मी तीन महिने लिहीत होतो ते.

बेंजोवाला_पनवेल
आहे ना किंमत. कोंबडी पळाली घे, २००६ चा जत्रा पिक्चर. त्याची चाल पुढे हिंदीत गेली, २०१२ च्या अग्निपथमध्ये चिकनी चमेली म्हणून, अजय-अतुलनीच नेली. शब्द पूर्ण वेगळे तरी देशभर चाललं, म्हणजे चाल एकटी उभी राहू शकते हे खरंय. पण आमच्याकडे हळदीत वाजतं तेव्हा पब्लिक काय ओरडतं? कोंबडीच ओरडतात! लहान पोरं हात पंखासारखे करून पळतात. शब्द असा पाहिजे कि अंगाला काहीतरी करता आलं पाहिजे. आमच्या आगरी लोकांत धवलारीण असते, लग्नात धवळे म्हणणारी, तिचं पण तेच, हळद कांडायची तर कांडण्याचं गाणं, मांडव घालायचा तर मांडवाचं. हाताला काम आहे म्हणून गाणं टिकलंय, कोणी लाईक केलं म्हणून नाही.
तुझ्या दुसऱ्या कडव्यात ती एक ओळ आहे बघ, आई दारात उभी राहून हाक मारते ती. तिथे चाल पण खाली आहे, चार सुरांची. ती मुखडा का नाही केलीस? मी काल ती बेंजोवर वाजवून घेतली आमच्या पोराकडून, त्याने तीनदा वाजवली, आणि थांब म्हटलं तरी वाजवत बसला.

सांगलीची_सून
अगं बाई, मला पण तीच ओळ लक्षात राहिली होती! बाकीचं गाणं एकदा ऐकून विसरले, खोटं कशाला बोलू.

आकडेमोड
दोन जणांवरून निष्कर्ष काढू नये, पण तिसरा मी.

रात्रपाळी
मित्राला आत्ता फोन केला. बासरीला हात लावायचा नाही म्हणाला, वीस मिनिटं भांडलो, शेवटी एक मिनिट पाचची बारा सेकंदांवर आली आणि उरलेली दोन कडव्यांच्या मध्ये जाणार. त्या ओळीचा मुखडा करून बघतोय, फक्त मीटर थोडं मोडतंय, 'दारात' च्या जागी दोन मात्रांचा शब्द लागेल. कोणाला सुचला तर टाका.
आणि बेंजोवाले भाऊ, १४ मे ला माझ्या चुलत बहिणीची हळद आहे, पेणला. तुमची पार्टी मोकळी आहे का? मधेच कुठेतरी वाजवा, कोणाचं गाणं आहे ते सांगू नका. मी जेवणाच्या रांगेत उभा राहून बघतो.

बेंजोवाला_पनवेल
१४ ला रोहा घेतलंय रे, ॲडव्हान्स पण घेतला. १५ ला हळद ढकलता येते का बघ.