खाद्यमहोत्सवात मित्रांसोबत घासघास वाटून खाणं: चव खरंच कळते का?

रसना
शहरातली बरीच रेस्टॉरंटं एकाच मैदानावर स्टॉल मांडतात, अशा महोत्सवाला एकट्याने जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. एका पोटात मावणार किती? चार-पाचजण असलो की प्रत्येकाने एकेक रांग धरायची, प्लेटा मध्ये ठेवायच्या आणि सगळ्यांनी दोन-दोन घास घ्यायचे. एका संध्याकाळी कितीतरी स्वयंपाकघरांची ओळख होते, पुढे कुठे सवडीने जेवायला जायचं तेही ठरतं.

एकच पदार्थ खात राहिलं की त्याची गोडी उतरत जाते, न खाल्लेल्या पदार्थांची तेवढी उतरत नाही. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. भरपेट जेवणानंतरही गोडाला जागा होते ती यामुळेच. मग पहिले चवदार घास घ्यावेत आणि पुढे सरकावं, हे माझं मत. विरोध असेल तर जरूर लिहा, पण कारणासकट.

एकांडी
पूर्ण असहमत. त्याच संशोधनाची दुसरी बाजू अशी की समोर विविधता असली की माणूस एकूण जास्त खातो. सोबत ओळखीची माणसं असली की आणखी जास्त.

पण माझा खरा आक्षेप चवीबद्दल आहे. झणझणीत घासानंतर नाजूक पदार्थ तोंडात गेला तर तो फिका लागणारच, त्यात करणाऱ्याचा काय दोष? गोडानंतरचं आंबट जास्त बोचतं. चव पारखणं हा ज्यांचा पेशा आहे ते दोन नमुन्यांमध्ये थांबतात, पाणी पितात, साधं बिस्किट किंवा पाव खातात. मित्रांच्या घोळक्यात कोण थांबतं? पुढची प्लेट आलेली असते, ती निवायच्या आत संपवायची घाई असते. शिवाय काही पदार्थ दोन घासांत कळतच नाहीत, ते हळूहळू उलगडतात. भरपूर तिखट, भरपूर गोड किंवा तेलातुपाने माखलेला पदार्थ मात्र पहिल्या घासालाच मन जिंकतो. संयमाने शिजवलेलं या पद्धतीत दरवेळी मागे पडतं, आणि ते मला मनापासून खटकतं.

रसना
क्रम सांभाळला तर हे बरंचसं टळतं. सौम्य आधी, तिखट नंतर, गोड शेवटी. तोंड पोळलं तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्या. तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

हिशोबनीस
पैशांबद्दल कोणी बोलतच नाहीये. खर्च समान वाटायचा ठरला की माणसं जास्त आणि महाग मागवतात. उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रेस्टॉरंटमध्ये हे तपासून २००४ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि विचारल्यावर बहुतेकांना स्वतंत्र बिलच हवं होतं. गटात जो कमी खातो तो संकोचाने गप्प राहतो आणि बाकीच्यांइतकेच पैसे देतो. मैत्रीत हे बसत नाही. आधीच सारखी रक्कम एकाच्या हातात द्या. ती संपली की खाणं संपलं.

एकांडी
आणखी एक. डॅन एरिअली आणि जोनाथन लेव्हाव यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं, की सगळ्यांसमोर मागवताना लोक दुसऱ्यापेक्षा वेगळं काहीतरी निवडतात आणि नंतर आपल्या निवडीवर कमी खूश असतात. 'तू ते घेतलंस, मग मी हे घेतो' यात आपल्याला हवं होतं ते राहूनच जातं.

रसना
पण तिथे जो तो आपापलं घेत होता! आमच्याकडे मित्राने घेतलेलं माझ्याही वाट्याला येतं, त्यामुळे हवं ते राहून जात नाही.

सावध
एकच चमचा सगळ्या प्लेटांत फिरतो, त्याचं काय? शेंगदाण्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मित्राला या पद्धतीत बाजूला उभं राहून बघत बसावं लागतं. वाढायला वेगळा चमचा, प्रत्येकाला आपली वाटी, आणि त्याच्या वाटणीचं सगळ्यात आधी काढायचं. एवढं जमत नसेल तर वाटून खाऊ नका.

तव्यामागचा
मी रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात काम करतो, स्टॉलवरही उभा राहिलो आहे. तिथे शेगड्या तात्पुरत्या, जागा अपुरी आणि समोर न संपणारी रांग. म्हणून आधी शिजवून गरम ठेवता येईल तेच आम्ही बहुतेकदा निवडतो. शिजवलेलं अन्न साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं लागतं, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. तासन्‌तास असं गरम ठेवलेलं सुरक्षित राहतं, पण भाजी गळते, रस्सा आटून खारट होतो, झाकलेलं तळण वाफेने मऊ पडतं. आमच्या टेबलावर येणारा पदार्थ हा नव्हे.

तरी वाटून खाणाऱ्यांवर माझा राग नाही. आत काम करताना खाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, स्टॉलवर दिसतो. कोणी घास घेऊन मित्राला हाक मारतो, 'हे खाऊन बघ', तेव्हा दिवसभराचं उभं राहणं सार्थकी लागतं. फक्त त्या एका घासावरून घरी जाऊन एक तारा देऊ नका. त्याची झळ पुढे महिनोन्‌महिने आम्हाला बसते.

रसना
तव्यामागचा, ताऱ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. आणि 'हे खाऊन बघ' हाच माझा मुद्दा आहे. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात, शेजारचाही त्याच वेळी तेच चॉकलेट खातोय हे कळल्यावर लोकांना ते जास्त आवडलं, दोघं एकमेकांशी बोलले नाहीत तरीही.

एकांडी
त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात कडू चॉकलेट सोबतीने जास्त वाईट लागलं, तेही सांगा. म्हणजे सोबतीने चव वाढते आणि बिघडतेही. मग त्यावर पुढे कुठे जेवायचं ते कसं ठरवता?

रसना
कुठे जायचं एवढंच ठरतं. ते ठिकाण कसं आहे, ते तिथे बसून पूर्ण जेवल्यावर कळतं. त्याआधी मी कोणाबद्दल एक ओळही लिहीत नाही.

एकांडी
हे पटलं. तरी मी एकटीच जाणार, दार उघडताच, रांगा लागायच्या आत. दोनच पदार्थ, पूर्ण प्लेट.

तव्यामागचा
या. त्या वेळी पहिला घाणा नुकताच उतरलेला असतो.