ग्राफिक्स कार्डाआधी रॅम आणि मॉनिटर
कॉम्प्युटर घेताना निम्मं बजेट ग्राफिक्स कार्डावर घालायचा सल्ला गेमिंगसाठी ठीक आहे, फोटो एडिटिंगचं गणित वेगळं. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये (म्हणजे रंगांचे जास्त बारकावे ठेवून) उघडला की एकेक पूर्ण लेयर, म्हणजे एडिटिंगचा एकेक थर, साधारण १४४ एमबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) खातो. दहा लेयर झाले की दीड जीबीच्या आसपास, हिस्टरी (अनडू करण्यासाठी जपलेल्या पायऱ्या) वेगळीच. रॅम संपली की सॉफ्टवेअर डिस्कवर लिहायला लागतं आणि ब्रश अडखळतो. म्हणून ३२ जीबी, तीही १६च्या दोन स्टिक, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही स्टिक एकाच वेळी काम करतात. कॅटलॉग (सॉफ्टवेअरमधली फोटोंची नोंदवही) आणि चालू काम एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर ठेवा. जुने फोटो साध्या हार्ड डिस्कवर चालतात. दमदार कार्ड लागतं ते मुख्यतः एआयने नॉइज (फोटोतले दाणे) काढताना.

काटकसर खरी नडते ती मॉनिटरमध्ये. आयपीएस पॅनल (बाजूनं पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा स्क्रीनचा प्रकार) घ्या, आणि एसआरजीबी, म्हणजे फोटो-वेबसाठीची नेहमीची रंगांची व्याप्ती, १०० टक्क्यांच्या आसपास दाखवणारं. माहितीपत्रकात '४५% एनटीएससी' (रंगांची व्याप्ती मोजायचं दुसरं माप) दिसलं तर सरळ सोडून द्या, त्यावर लाल-हिरवे फिकेच दिसणार. ब्राइटनेस १०० ते १२० निट्सवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं एकक) आणा. नवा मॉनिटर बहुधा याहून बराच उजळ लावलेला असतो. त्यावर फोटो जास्तच उजळ वाटतो, आपण तो गडद करतो आणि प्रिंट काळपट येते. मग दोष प्रिंटरवाल्याला! कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून नीट लावणारं उपकरण) लावणार असाल तर स्क्रीन अर्धा तास चालू राहू द्या, मगच मोजा.