‘व्हिडिओ कॉलवर मन बरं होत असेल तर दाढही काढून घ्या’ : नानांना उत्तर

दापोलीकरीण:
परवा नानांनी लिहिलं, "मोबाइलवर मन बरं होत असेल तर उद्या दाढही तिथेच काढून घ्या. समोरासमोर बसल्याशिवाय उपचार नाहीत, बाकी सगळा धंदा." त्यावर भरपूर टाळ्या पडल्या. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

नाना, तुम्ही कोथरूडचे. रिक्षात बसलात की दहा मिनिटांत कुणीतरी सापडतं. आम्हाला रत्नागिरी गाठायची म्हणजे एसटीत अर्धा दिवस. आणि ‘तिला रत्नागिरीला नेलं’ याचा अर्थ कोकणात एकच घेतात, मनोरुग्णालय.

२०२१ साली मी रात्री अकरापासून दीडपर्यंत ओट्यापाशी उभी असायचे. गॅसचं बटण बंद आहे ना? चाचपायचं, वास घ्यायचा, परत चाचपायचं, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा, अंथरुणात पडून तो फोटो मोठा करून बघायचा. ठाण्याच्या एका थेरपिस्ट बाईंनी व्हिडिओ कॉलवर मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवायला सांगितला. "एकदाच बघा. आता ओट्याकडे पाठ करा." चाळीस मिनिटं मी हात मांड्यांखाली दाबून बसले आणि त्या पलीकडे काही न बोलता बसून होत्या. त्यांच्या खोलीत हे कसं झालं असतं? तिथे माझा गॅस नव्हता.

नाना_निवृत्त:
ताई, तुम्हाला गुण आला, आनंद आहे. आता माझं ऐका. भाचा नोकरीसाठी परगावी. कुठल्याशा अ‍ॅपवर समुपदेशन चालू होतं. एका रात्री बोलता बोलता "मला जगायचं नाही" म्हणाला आणि कॉल तुटला. पलीकडच्या मुलीकडे त्याचा पत्ता नाही, घरच्या कुणाचा नंबर नाही. ती बिचारी चॅटवर ‘आर यू देअर’ टाइप करत राहिली. रूममेट वेळेवर आला म्हणून वाचला. समोर बसला असता तर तिने त्याला खोलीबाहेर जाऊ दिलं असतं का? यावर बोला.

सल्लागार_सांगली:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दोन्ही प्रकारे काम करते. नाना, तो दोष स्क्रीनचा नव्हे, कामचुकारपणाचा. मी प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला विचारते : आज कुठे बसला आहात, कॉल तुटला तर जवळच्या कुणाला फोन करू? जिवाचा धोका दिसला तर नुसत्या ऑनलाइनवर भागवत नाही. आणि हो, पडद्यावर छातीपर्यंतच माणूस दिसतो. हलणारा पाय दिसत नाही, दारूचा वास येत नाही. हे नुकसान आहेच.

खरं दुखणं वेगळंय. २५ मार्च २०२०ला टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांचे, नियम आले ते डॉक्टरांसाठी. समुपदेशकाची पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा, लाजू नका. रात्री-अपरात्री तातडी असेल तर टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आठवा_मजला:
मराठीत बोलतात म्हणजे कसं? माझी आई ६४ वर्षांची, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. अ‍ॅपवरची पंचविशीतली मुलगी तिला नुसत्या नावाने हाक मारते, वर "तुला आत्ता शरीरात कुठे जाणवतंय?" आईने मोबाइल छताकडे फिरवला आणि पंख्याला सेशन दिलं. परत बसली नाही.

चहाटळ:
अहो-जाहो करत करत बापावरचा राग कसा बाहेर काढणार? तूच बरं. काकूंना मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडवेना, दुसरं काय.

आठवा_मजला:
माझ्या आईच्या खुर्चीवर जाऊ नका. बाबा गेल्यापासून ती जेवत नव्हती म्हणून बसवली होती तिला तिथे.

चहाटळ:
माफ करा. ते आधी लिहायला हवं होतं. तरीही ‘तुम्ही’ने अंतर पडतं, यावर ठाम.

जर्सीकर:
अंतर ‘तू’ने नाही, भाषेने पडतं. इथली, अमेरिकेतली थेरपिस्ट चांगली आहे, पण सासूबाईंनी सगळ्यांची ओटी भरली आणि मला वगळलं, यात काय लागलं हे सांगण्यात अख्खं सेशन गेलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे भेटवस्तू दिली नाही?" मी हो म्हटलं. पुण्याच्या बाई व्हिडिओवर घ्यायला तयार होत्या, पण इथे माणूस ज्या राज्यात बसलाय तिथला परवाना लागतो, म्हणून त्यांनीच माघार घेतली. अँग्झायटी म्हटलं की सगळं एका पोत्यात. धाकधूक वेगळी, घालमेल वेगळी, हुरहूर तर आजारच नव्हे.

चहाटळ:
हुरहुरीचे सेशनला दीड हजार घेणारे आहेत आमच्याकडे.

पार्किंगमधला:
भाषा नंतर, आधी जागा सांगा. वन बीएचके, पाच माणसं. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काचा वर करून गाडीत बसतो. एकदा रडत होतो, तर वॉचमनने काचेवर टकटक केली, "साहेब, गाडी बंद पडली का?" आणि गुप्ततेच्या गप्पा नकोत. अमेरिकेत २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशनाच्या अ‍ॅपवर ७८ लाख डॉलरचा बडगा बसला, लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्यांना पुरवली म्हणून.

नाना_निवृत्त:
हेच तर म्हणत होतो मी! आणि तुम्ही सगळे अहो-काहोवर भांडताय. भाच्याच्या प्रश्नावर सांगलीच्या बाई सोडून एकानेही उत्तर दिलेलं नाही.

दापोलीकरीण:
देते. तुमच्या भाच्याला पत्ता न घेता बसवणारं अ‍ॅप बंद पाडा, मी सहीला येते. पण त्यासाठी माझा कॉल बंद करू नका. माझ्यापुढे ‘समोर की मोबाइल’ असा पर्यायच नव्हता. मोबाइल किंवा दीडपर्यंत ओटा, एवढंच होतं.

पार्किंगमधला:
ताई, माझाही कॉल बंद नको. गाडीत का होईना, बसतो मी.

नाना_निवृत्त:
गॅसपुरतं मान्य. दाढेचं अर्ध मागे घेतो. ठाण्याच्या बाईंचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. भाच्यासाठी नाही. आमच्या हिला रात्री कुलूप सहा-सहा वेळा ओढून बघायची सवय लागली आहे. त्या ठाण्यात प्रत्यक्ष भेटतात ना? आम्ही सकाळच्या गाडीने येऊ.

दापोलीकरीण:
भेटतात. पण नाना, कुलूप पुण्यात आहे.